निराळ्या तबकडीची जुनी मनगटी घड्याळे : मराठवाड्यात राहून संग्रह कसा करावा

जुन्या मनगटी घड्याळांच्या नादी लागलेला माणूस बहुधा आधी कंपनीचे नाव वाचतो, मग मशीन कोणते आहे ते विचारतो आणि तबकडीकडे सर्वांत शेवटी पाहतो. तीन काटे आणि बारा आकडे असलेल्या साध्या घड्याळासाठी हा क्रम चालून जातो. ज्या घड्याळात तास एका खिडकीतून दिसतो, काट्यांऐवजी चकत्या फिरतात किंवा तास, मिनिट आणि सेकंद यांची तीन वेगवेगळी वर्तुळे असतात, त्याच्यासाठी मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. अशा घड्याळाचे मशीन बहुधा साधेच असते आणि त्याचे सुटे भाग दुसऱ्या मोडक्या घड्याळातून मिळू शकतात; तबकडी आणि तिच्याखालच्या चकत्या मात्र त्या एका मॉडेलपुरत्याच छापलेल्या असतात आणि आज त्या कोणी बनवत नाही. तबकडी गेली की घड्याळ गेले, हे मनाशी पक्के करूनच या छंदात पैसे घालावेत. पुढील सर्व सूचना याच एका गोष्टीतून निघालेल्या आहेत.

आधी एक घराणे निवडावे

वेगळ्या मांडणीच्या तबकड्या असंख्य असल्या तरी त्यांची घराणी मोजकी आहेत, आणि सुरुवातीला त्यांपैकी एकच निवडणे शहाणपणाचे ठरते. पहिले घराणे उडी मारणाऱ्या तासाचे, म्हणजे जंप अवरचे. ऑस्ट्रियाच्या योसेफ पालवेबरने 1883 मध्ये आकडे खिडकीतून दाखवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले आणि त्याच दशकात आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीने तशी खिशातली घड्याळे काढली. मनगटावर ही कल्पना 1920च्या दशकात आली. कार्तियेने 1928 मध्ये काढलेल्या टँक घड्याळात संपूर्ण पुढची बाजू धातूची असून वेळ दोन छोट्या खिडक्यांतून दिसते. पुढे 1970च्या दशकात स्वस्त पिन-लिव्हर मशीनवर (ज्यात दगडांऐवजी धातूच्या पिना असतात) जंप अवर घड्याळे मोठ्या संख्येने बनली, आणि आज आपल्या हाताला लागणारी बहुतेक याच काळातली असतात. 1976 च्या अमिडा डिजिट्रेंडमध्ये तर आकडे आडव्या चकत्यांवर असून लोलकाच्या काचेतून ते घड्याळाच्या कडेला दिसतात, म्हणजे गाडीच्या स्टिअरिंगवरचा हात न वळवता वेळ वाचता येते.

दुसरे घराणे रेग्युलेटरचे. वेधशाळेत आणि घड्याळजींच्या कारखान्यात प्रमाण वेळेसाठी जी मोठी घड्याळे लावत, त्यांत मिनिटाचा काटा मधोमध एकटा असे आणि तासाला व सेकंदाला स्वतंत्र वर्तुळे असत, जेणेकरून एका काट्याने दुसरा झाकला जाऊ नये. 1928 मध्ये आलेले रोलेक्स प्रिन्स हे याच विचाराच्या जवळचे: लांबट केसमध्ये वर वेळेचे वर्तुळ, खाली तेवढेच मोठे सेकंदाचे वर्तुळ. नाडी मोजायला सोयीचे म्हणून या मांडणीला डॉक्टरांचे घड्याळ असे नाव पडले.

तिसरे घराणे चोवीस तासांच्या तबकडीचे, ज्यात तासाचा काटा दिवसातून एकदाच पूर्ण फिरतो. 1953 चे ग्लायसिन एअरमन आणि सोव्हिएत काळातील राकेटा ही त्याची ठळक उदाहरणे. चौथ्या घराण्यात काटे अधांतरी तरंगल्यासारखे दिसतात, कारण ते पारदर्शक चकत्यांवर छापलेले असतात. झोडिअॅक अॅस्ट्रोग्राफिक आणि लाँजीन्स कॉमेट ही नावे येथे लक्षात ठेवावीत. पाचवे घराणे मोजमापाच्या उपकरणांचे. फाव्र-ल्यूबाने 1962 मध्ये बिव्हुआक काढले, ज्यात हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा वेगळा काटा आहे, आणि 1968 मध्ये पाण्याची खोली दाखवणारे बॅथी काढले. या कंपनीची घड्याळे भारतात दीर्घकाळ विकली गेल्यामुळे तिची साधी सी-चीफ, सी-किंग घड्याळे आपल्या घरोघरी होती. बिव्हुआक मात्र क्वचितच दिसते.

मराठवाड्यातून सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला वेगळाच आहे: दूरच्या दुर्मिळतेमागे न धावता आधी एचएमटीकडे पाहावे. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या या कारखान्याने अंधांसाठी ब्रेल घड्याळ बनवले, ज्याची काच बिजागरीवर उघडते आणि तबकडीवरचे उठावदार ठिपके व मजबूत काटे बोटांनी चाचपता येतात. देवनागरी आकड्यांचे ‘जनता’ हे मॉडेल, वार हिंदीतही दाखवणारी ऑटोमॅटिक मॉडेले, हे सगळे आपल्या भाषेच्या आणि आपल्या गरजेच्या जवळचे काम आहे. तीन-चार देवनागरी तबकड्या शेजारी ठेवून त्यांच्या अक्षरांचे वळण तपासताना डोळ्याला जी सवय लागते, ती पुढे कोणत्याही परदेशी तबकडीवर उपयोगी पडते.

शोध कोठे घ्यावा

मुंबईच्या चोर बाजाराचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण तेथे पोहोचलेले घड्याळ आधीच चार हातांतून गेलेले असते आणि त्यावर काहीतरी काम झालेले असण्याची शक्यता मोठी असते. आपल्याकडे खरा माल तीन ठिकाणी सापडतो. पहिले ठिकाण म्हणजे वयस्कर घड्याळजींची दुकाने. छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याच्या आसपास आणि गुलमंडीवर, लातूरच्या गंजगोलाईभोवती, नांदेडच्या वजिराबादेत अशी एखादी काचेची पेटी मांडून बसलेले काका किंवा चाचा अजून भेटतात. त्यांच्याकडे न नेलेल्या दुरुस्त्यांचे आणि सुट्या भागांचे जुने डबे असतात. पहिल्याच भेटीत डबा मागू नये; एखाद्या साध्या घड्याळाचे ऑइलिंग करून घ्यावे, दोन-तीनदा जाऊन बसावे, मग विचारावे. सुटी तबकडी किंवा चकती मिळाली तर आज उपयोग नसला तरी घेऊन ठेवावी.

दुसरे ठिकाण घरे. लग्नात सासऱ्यांनी दिलेले घड्याळ, आखाती देशांत नोकरीला गेलेल्या मामांनी आणलेले सेको, रेल्वेतून निवृत्त झालेल्या आजोबांचे वेस्ट एंड, अशी घड्याळे कपाटात पडून असतात. सेकोच्या 6138 मशीनवरच्या ज्या क्रोनोग्राफमध्ये, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळात, दोन लहान वर्तुळे वर-खाली असतात, त्यांचा शोध आपल्या भागात याच घरांतून घ्यावा. घरातून घेताना वस्तूची खरी योग्यता सांगूनच व्यवहार करावा. कमी किमतीत मिळाले म्हणून गप्प बसणारा संग्राहक त्या गावात पुन्हा पाऊल ठेवू शकत नाही, आणि तसे होणे योग्यच आहे.

तिसरे ठिकाण आठवडी बाजारातले जुन्या वस्तूंचे कोपरे आणि भंगाराची दुकाने. येथे सापडेल ते नशीब, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. कोठूनही घेतले तरी घड्याळाच्या पाठीवरचा क्रमांक लिहिलेली साधी पावती सही करून घ्यावी, म्हणजे चोरीच्या वस्तूचा प्रश्न पुढे उभा राहत नाही.

तबकडीची तपासणी

या कामाला दहा पट मोठे दाखवणारे भिंग, एक छोटी टॉर्च आणि भरपूर वेळ लागतो. विक्रेता घाई करत असेल तर घड्याळ परत ठेवावे. पहिली नजर समोरून टाकावी आणि दुसरी टॉर्च अगदी आडवी धरून, कारण पुन्हा रंगवलेल्या तबकडीतले उंचवटे, ब्रशच्या रेघा आणि रंगाखाली दबलेला जुना गंज आडव्या प्रकाशातच उठून दिसतात.

मग भिंगाखाली अक्षरे पाहावीत. कारखान्यातली छपाई बारीक, एकसारख्या जाडीची आणि कडांना धारदार असते. हाताने किंवा नंतरच्या ठशाने केलेल्या छपाईत अक्षरांच्या कडा पसरलेल्या, पोटे भरलेली आणि ओळ किंचित तिरकी दिसते. मिनिटांच्या खुणा आणि वर बसवलेल्या धातूच्या खुणा एका रेषेत आहेत का, हे बाराही ठिकाणी तपासावे. लहान वर्तुळांच्या आत बहुतेकदा ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या अतिशय बारीक गोल रेघा कोरलेल्या असतात, आणि नवा रंग पहिल्यांदा त्याच बुजवतो. रेग्युलेटर, क्रोनोग्राफ किंवा प्रिन्ससारख्या घड्याळात ही एकच खूण पुष्कळदा निकाल लावते. सहाच्या आकड्याखालची, देशाचे नाव असलेली ओळ अर्धी कापलेली किंवा गायब असेल, तबकडीच्या कडेच्या खाचेत रंग साचलेला असेल, काट्यांवरचा चमकणारा लेप पिवळा पडलेला आणि आकड्यांवरचा मात्र पांढरा शुभ्र असेल, तर तबकडी आणि काटे एकत्र म्हातारे झालेले नाहीत एवढे नक्की.

एचएमटीच्या बाबतीत विशेष सावध राहावे. कंपनीची घड्याळनिर्मिती बंद होणार असल्याच्या बातम्या आल्या आणि 2016 मध्ये तसा निर्णय झाला, त्यानंतर या घड्याळांची मागणी वाढली आणि तिच्यासोबत रंगवलेल्या तबकड्यांचा पूर आला. भडक नारिंगी किंवा पोपटी रंगाची ‘पायलट’ मॉडेलची तबकडी, सैन्याचे बोधचिन्ह किंवा विमान छापलेली तबकडी समोर आली की संशय घेऊनच पुढे जावे. निराळी तबकडी हवी म्हणून आलेल्या नवख्या माणसाला नेमक्या याच तबकड्या दाखवल्या जातात, आणि मूळ कारखान्याचे संयत काम त्यांच्यापुढे त्याला फिके वाटते. त्या मोहाच्या क्षणी भिंग डोळ्याला लावलेले असावे.

सेकोमध्ये तबकडीच्या तळाशी अतिशय बारीक अक्षरांत मशीनचा आणि तबकडीचा क्रमांक असतो. त्यातील मशीनचा क्रमांक पाठीवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. पाठीवरच्या अनुक्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरे चिन्ह महिना दाखवते. ऑक्टोबरसाठी शून्य किंवा ओ, नोव्हेंबरसाठी एन आणि डिसेंबरसाठी डी. दशक मात्र मॉडेलवरून ओळखावे लागते.

बुलोवाचे अॅक्युट्रॉन स्पेसव्ह्यू हे एक वेगळे प्रकरण आहे. 1960 मध्ये आलेल्या या घड्याळात सेकंदाला 360 कंपने करणारा धातूचा चिमटा असतो, आणि तबकडीच नसल्यामुळे तो उघडा दिसतो. पण त्याच मशीनच्या तबकडी असलेल्या साध्या घड्याळाची तबकडी काढून टाकली की बाहेरून तसेच दिसणारे घड्याळ तयार होते, आणि तशी रूपांतरित घड्याळे बाजारात पुष्कळ आहेत. येथे नसलेल्या तबकडीचीही सत्यता तपासावी लागते, म्हणून काच, केस आणि पाठीवरचा क्रमांक मूळ स्पेसव्ह्यूच्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्याशिवाय किंमत बोलू नये.

चमकणाऱ्या लेपाबद्दल एक गंभीर सूचना. 1960च्या दशकापर्यंत अनेक तबकड्यांवर रेडियमचा लेप असे. अंधारात तो आता चमकत नाही याचा अर्थ तो निष्प्रभ झाला असा नव्हे. चमकणारे रसायन थकलेले असते, रेडियमचा अर्धायुष्यकाल मात्र सुमारे 1600 वर्षांचा आहे. नंतर वापरात आलेल्या ट्रिशियमचा तो 12.3 वर्षे आहे आणि स्विस तबकड्यांवर तळाशी देशाच्या नावाच्या दोन्ही बाजूंना टी हे अक्षर असते. रेडियमची तबकडी घरी उघडू नये, लेप कधीही खरवडू नये, आणि असे घड्याळ उशाखाली किंवा लहान मुलांच्या हाती ठेवू नये.

यंत्रणा चालवून पाहणे

प्रत्येक घराण्याची परीक्षा वेगळी असते. जंप अवर घड्याळात काटे, म्हणजे चकत्या, फक्त पुढेच फिरवाव्यात आणि बाराही तास एकेक करून पाहावेत. साठाव्या मिनिटाला आकडा एका क्षणात बदलून खिडकीच्या मधोमध बसला पाहिजे; तो अर्धा वर, अर्धा खाली अडकत असेल तर चकती धरून ठेवणारी कमान झिजली आहे. त्यानंतर पूर्ण चावी देऊन घड्याळ चोवीस तास चालू ठेवावे. तासाची चकती उडवण्यासाठी लागणारा जोर मशीन तासाच्या शेवटच्या मिनिटांत साठवते, म्हणून तेल वाळलेले किंवा मुख्य कमान थकलेली असेल तर घड्याळ नेमके अठ्ठावन्न-एकोणसाठ मिनिटांवर थांबते. दुकानात दहा मिनिटे टिकटिक ऐकून हा दोष कळत नाही. दूरच्या विक्रेत्याकडून घेत असाल तर तास बदलतानाचे चलचित्र आधी मागवावे.

चोवीस तासांच्या घड्याळाची परीक्षा सर्वांत सोपी आहे, तरी फार थोडे लोक ती करतात. मिनिटाचा काटा एक फेरी पूर्ण फिरवावा. तासाचा काटा चोविसाव्या भागाइतका, म्हणजे 15 अंश सरकला पाहिजे. तो 30 अंश सरकला तर बारा तासांच्या मशीनवर चोवीस तासांची तबकडी चढवलेली आहे.

रेग्युलेटरमध्ये मिनिटाचा काटा बारावर आला की तासाचा काटा स्वतःच्या वर्तुळात आकड्यावर अचूक असावा. तरंगत्या काट्यांच्या घड्याळात ते बाजूने पाहून चकती डगमगते का, वाकली आहे का, हे पाहावे. बिव्हुआक हाती आले तर मला एक घरगुती परीक्षा सुचवाविशी वाटते: संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटरवर आहे आणि म्हैसमाळ हजार मीटरच्या वर, तेव्हा शहरात उंचीचे मोजमाप लावून म्हैसमाळला जावे. हवेच्या दाबाची डबी शाबूत असेल तर काटा ठळकपणे चढतो. जागचा हलत नसेल तर डबी गळकी आहे आणि ती दुरुस्त होणे कठीण असते.

चावीच्या साध्या मशीनसाठी घड्याळजींकडच्या, घड्याळाची चाल मोजणाऱ्या टाइमिंग यंत्रावर एकदा ठेवून घ्यावे. जुन्या मशीनचे बॅलन्स व्हील, म्हणजे मागे-पुढे झुलणारे चाक, पूर्ण चावीनंतर 220 अंशांपेक्षा बरेच कमी झुलत असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

दुरुस्तीला देताना

काही वर्षांपूर्वी तरंगत्या काट्यांचे एक घड्याळ मी नेहमीच्या सर्व्हिसिंगसाठी म्हणून एका अनुभवी दुरुस्तीकाराकडे ठेवले आणि काहीही न सांगता निघून आलो. त्यांनी प्रथेप्रमाणे सगळे भाग पेट्रोलमध्ये धुतले. मशीन उत्तम चालू लागले, पण पारदर्शक चकती धुरकट झाली आणि तिच्यावरचा तासाचा ठिपका पुसला गेला. चूक सूचना न देणाऱ्याची, म्हणजे माझी होती. तेव्हापासून मी प्रत्येक घड्याळासोबत चार ओळींचा कागद देतो: तबकडी व चकत्या धुऊ नयेत, कोणत्याही द्रावणात किंवा कंपनाने धुणाऱ्या यंत्रात घालू नयेत, केसला पॉलिश करू नये, रंगकाम करू नये, बदललेला प्रत्येक जुना भाग परत द्यावा. हा कागद देण्यात घड्याळजींचा अपमान नाही. उलट ते त्यामुळे काम अधिक जपून करतात, असा माझा अनुभव आहे.

तबकडीवरचा डाग सहन होत नसेल तरी तो तसाच राहू द्यावा. हवेच्या फुग्याने धूळ उडवणे, एवढीच स्वच्छता घरी करावी. ओल्या कापसाने छपाई निघते आणि निघालेली छपाई परत येत नाही. अॅक्युट्रॉनचा सेल बदलताना आणखी एक काळजी घ्यावी: मूळ पाऱ्याचा सेल सुमारे 1.35 व्होल्टचा होता आणि आजचा सिल्व्हर ऑक्साइड सेल 1.55 व्होल्टचा असतो, म्हणून मशीन त्यानुसार लावून घेतल्याशिवाय नवा सेल घालू नये.

आपला उन्हाळा आणि काळी धूळ

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या छताखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत तो त्याहून कितीतरी वर असतो. पातळ प्लॅस्टिकच्या चकत्या त्या उष्णतेत वाकतात, मशीनचे तेल पसरते आणि वाळते. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट घड्याळांसाठी टाळावे. घराच्या मधल्या खोलीतला लाकडी खण बरा. काळ्या मातीची धूळ इतकी बारीक असते की सैल काचेतून ती आत शिरते आणि आकडे दाखवणाऱ्या खिडकीच्या कडेला साचून चकतीवर ओरखडे पाडते, म्हणून जंप अवर घड्याळ शेतावर किंवा दुचाकीवर घालू नये. जून लागला की खणात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. डांबरगोळ्या जवळ ठेवू नयेत, कारण त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लॅस्टिक खराब होते. फोमच्या पेटीपेक्षा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळणे चांगले. फोम काही वर्षांत विरघळून चिकट होतो. बंद ठेवायच्या घड्याळातला सेल काढून ठेवावा.

नोंदवही

प्रत्येक घड्याळासाठी वहीचे एक पान राखावे. त्यावर घेतल्याची तारीख, किंमत, गाव, पाठीवरचे व मशीनवरचे क्रमांक, तबकडीवरचा मजकूर जसाच्या तसा, आणि केलेली प्रत्येक दुरुस्ती लिहावी. घरातून घेतले असेल तर ते कोणी, कोणत्या प्रसंगी घेतले होते हे त्या घरातल्या माणसाच्या शब्दांत उतरवून घ्यावे. ते घड्याळ मनमाडच्या दुकानातून आले की हैदराबादच्या, एवढा तपशीलही पुढे उपयोगी पडतो, कारण 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या भागाची खरेदी मुंबईइतकीच हैदराबादकडे वळलेली होती. पानासोबत तबकडीची दोन छायाचित्रे लावावीत, एक समोरच्या प्रकाशात आणि एक आडव्या. दर वर्षी दिवाळीनंतर त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी पुन्हा तशीच छायाचित्रे घ्यावीत आणि मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवून पाहावीत. नवा डाग, सुटू लागलेला लेप किंवा पिवळी पडत चाललेली चकती तेव्हाच लक्षात येते, आणि त्या टप्प्यावर घड्याळाची जागा बदलणे एवढाच उपाय पुरतो.